सासूबाईंसाठी शॉवर

पाणी या विषयात मला कोणी काही शिकवू नये, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. का असू नये? १९८७ साली मुलुंडमध्ये ज्याच्या परसात स्वतःची विहीर आहे, तो माणूस जवळजवळ संस्थानिकच! त्यात मी विहिरीवर विजेचा पंप बसवला होता, छपरावर टाकी चढवली होती आणि न्हाणीघरात चक्क शॉवर लावला होता. आमच्या गल्लीतला पहिलाच. शेजारचे शिवदास तर तो नुसता बघायला येऊन, मान डोलावून गेले होते.

हा सगळा थाट सासूबाईंसाठी होता. त्यांची गिरगावातली चाळ पाडायला निघाली होती, त्यामुळे कुठल्या तरी मुलीकडे त्यांना कायमचं जावं लागणार होतं. एक मुलगी म्हणजे माझी बायको पद्मजा आणि दुसरी तिची थोरली बहीण सुनंदा, दिंडोशीची. जन्मभर पहाटे उठून चाळीच्या नळावर रांग लावून सासूबाईंचे खांदे कामातून गेले होते. त्यांनी एकच अट घातली. म्हणाल्या, "आता मला बादली उचलायची नाही. जिच्याकडे सुखानं आंघोळ होईल तिच्याकडे मी राहीन."

पद्मजाला आई आपल्याकडेच हवी होती. खरं सांगू? मलाही हवी होती. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे ताटात आग्रहानं वाढणारं कोणी भेटलं की मी विरघळतो. शिवाय आडवा येत होता माझा साडू श्यामसुंदर! आपल्या चौथ्या मजल्यावरच्या ब्लॉकमधल्या शॉवरचं वर्णन त्यानं बारशाला केलं, मुंजीत केलं आणि एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला केलं. त्याच्यापुढे हार खाण्यापेक्षा मी विहिरीत उडी टाकली असती. शेवटी असं ठरलं की गणपती आटोपल्यावर एका रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं, आंघोळ-जेवण इथेच करायचं आणि मग सासूबाईंनी निर्णय द्यायचा.

आमचा गणपती दीड दिवसाचा. त्याचं विसर्जन आजोबांच्या वेळेपासून परसातल्या विहिरीतच होतं. मूर्ती वीतभर, त्यामुळे विहिरीला पत्ताही लागत नाही. पण त्या वर्षी मला नुसतं स्फुरण चढलं होतं! आरतीला जमलेल्या गल्लीला मी जाहीर आमंत्रणच दिलं. म्हटलं, तलावापर्यंत तंगडतोड कशाला करता, आपली विहीर आहे की! गल्लीनं ते फारच मनावर घेतलं. दीड दिवसाचे आले, गौरीबरोबरचे आले, अनंत चतुर्दशीचे आले. शिवदासांची मूर्ती तर दोघांनी धरून कठड्यावरून सोडावी लागली. शाडू, गुलाल, हार, दुर्वा, सगळं आमच्या विहिरीत गेलं. मी कठड्यापाशी उभा राहून प्रसाद खात होतो आणि लोक मला धन्यवाद देत होते.

आणि त्याच आठवड्यात शॉवर आटला. आधी धार बारीक झाली, मग नुसते थेंब पडू लागले. रविवार तर तोंडावर आलेला! पद्मजा म्हणाली, "अहो, एवढे गणपती गेलेत, विहिरीतच काही अडकलं नसेल ना?"

मी हसलो. देव कधी कुणाचं पाणी अडवील का? दोष पाण्याच्या दाबात आहे, असं सांगून मी तिला दाब म्हणजे काय ते इतकं सविस्तर समजावलं की तव्यावरची पोळी करपली. मग कामाला लागलो. विटा रचून टाकी उंच केली. काही फरक पडला नाही. नळांचे वायसर बदलले, शॉवरची भोकं दाभणानं मोठी केली. तरी थेंब ते थेंबच! शिवदास म्हणाले, पाइपात कबुतराचं पीस असेल. म्हणून पाइप उघडून फुंकला, तर माझ्याच तोंडात गंज आला.

शनिवारी मी आणि शिवदासांनी मिळून विहिरीतला पाइप वर ओढला. त्याच्या टोकाला कचरा अडवायला एक जाळी असते. ती झेंडूच्या हारांनी आणि शाडूनं पार लिंपून गेली होती. शहाण्या माणसानं ती धुऊन परत बसवली असती. पण मला त्या क्षणी भलताच साक्षात्कार झाला. पाणी जाळीमुळे अडतंय ना? मग जाळीच नको! ती काढून टाकली. टाकीचा वळसाही नको, म्हणून पंप थेट शॉवरला जोडला. भरपूर पाणी मिळावं म्हणून पाइप पार तळाला टेकेपर्यंत खाली सोडला. शिवदास म्हणाले, "झकास!" चालवून बघायचं तर गल्लीतली वीज गेली होती.

रविवारी वीज आली आणि पाहुणेही आले. सासूबाई नव्या साबणाची वडी घेऊन तयार होत्या. पण श्यामसुंदर टॉवेल खांद्यावर टाकून पुढे झाला. आईंच्या आधी आपण खात्री करून घेतो, थोरला जावई म्हणून आपली जबाबदारी आहे, असं म्हणून तो आत शिरला. मी खूण केली आणि पद्मजानं पंपाचं बटण दाबलं. पंप गुरगुरला, पाइप थरथरला, आत काहीतरी धाडकन उडालं आणि मग आली किंकाळी!

"दाब कसा आहे?" मी बाहेरून विचारलं.

दार उघडलं. शॉवरची चकती तुटून कोपऱ्यात पडली होती आणि टॉवेल गुंडाळलेला श्यामसुंदर उंबऱ्यात उभा होता. अंगभर शाडू, डोक्यावर ओला गुलाल, कानामागे दुर्वा आणि पुढे आलेल्या पोटावर झेंडूच्या पाकळ्या. सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"विद्याधर, हे काय आहे?" तो म्हणाला.

"विहिरीचं पाणी," मी म्हणालो.

आधी सुनंदा हसली, मग सासूबाई. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. सासरे गेल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलंच नव्हतं. पण हसू ओसरलं आणि पद्मजाचा चेहरा पडला. चिखलानं पंप बंद पडला होता. म्हणजे आईची आंघोळ गेली आणि आईही गेली, हे तिला कळून चुकलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी अडगळीतला जुना दोर आणि बादली काढली आणि रहाटावर उभा राहिलो. वरचं पाणी स्वच्छ होतं. आधी श्यामसुंदरचं विसर्जन उलटं करावं लागलं, त्यालाच कितीतरी बादल्या गेल्या! मग सासूबाईंसाठी पाणी ओढलं, चुलीवर तापवलं आणि न्हाणीघरात नेऊन ठेवलं.

केस पुसत सासूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "मी इथेच राहते. शॉवर दिंडोशीलाही आहे, पण सासूसाठी पाणी ओढणारा जावई मी गिरगावातसुद्धा पाहिला नाही."

पद्मजा रडायलाच लागली. मला आभाळ ठेंगणं झालं!

पुढच्याच आठवड्यात विहीर उपसून घेतली, जाळी धुऊन बसवली आणि शॉवर धो धो वाहू लागला. सासूबाईंना मी मोठ्या मानानं आत पाठवलं. त्या लगेच बाहेर आल्या.

"जावईबापू, हे अंगाला फार टोचतं हो. तुमची बादलीच बरी."

तेव्हापासून रोज सकाळी मी रहाटावर असतो. शॉवर उत्तम चालतो. त्याच्या दांडीवर सासूबाईंचं सोवळं वाळत असतं.