रहमीमभाऊंचा शनिवार

आमच्या जळगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातले फिटर रहमीमभाऊ कुठलंही नवं यंत्र पाहिलं की एकच विचारत, "हे थांबतं कसं?" सायकल असो की ग्रामोफोन, चालतं कसं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

भाऊ कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य कलला की कोपरापर्यंत हात घासत आणि शनिवार मावळेपर्यंत इंजिनालाच काय, काडेपेटीलाही शिवत नसत. यांना साडेसाती आहे, अशी अख्ख्या जिनिंगची खात्री. कामावरची सखूअक्का एकदा मारुतीला वाहायला म्हणून त्यांना तेल देऊन गेली. भाऊंनी ते आदरानं घेतलं आणि रविवारी दाराच्या बिजागऱ्यांना घातलं.

"आमचे वाडवडील तेली," ते सांगत. "शनिवारी घाण्याचा बैलसुद्धा सोडायचे. देवानं सहा दिवस जग घडवलं, सातव्या दिवशी हात आवरला. ज्याला थांबता येत नाही तो यंत्राचा मालक नव्हे, बैल!" मी साधा कारकून, पण हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा.

मॅनेजरच्या नाही आला. ऐन हंगामात एका शुक्रवारी त्यांनी भाऊंना बजावलं, "शनिवारी कामावर या, नाहीतर नोकरी सोडा."

दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत. दुपारी सखूअक्काचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला. इंजिनावरचा बदली माणूस नुसताच ओरडू लागला. आवारातल्या खोलीतून भाऊ धावत आले आणि त्यांनी इंजिन थांबवायची कळ ओढली. पदर फाटला, अक्का वाचली.

"मोडलात ना शनिवार? मग आता रोज या," मॅनेजर म्हणाले.

"मोडला नाही, साहेब. जीव वाचवायला हात लावलाच पाहिजे, हीही देवाचीच आज्ञा. मी थांबवायला लावला. चालू करायला दुसरा बघा."

"भाऊले काढशात तर आम्ही बी नही," बाया म्हणाल्या. साहेबांनी तो विषय सोडला.

पुढच्या शनिवारी अक्का मला घेऊन भाऊंच्या ओट्यावर गेली.

"भाऊ, दिनभर एकलाच काय करस तू?"

"प्रार्थना म्हणतो. काही प्रार्थनांना मात्र आमचे दहा पुरुष लागतात. इथं मी एकटा. आई गेली, तिच्यासाठीची अजून म्हणता आली नाही."

अक्कानं तिथंच फतकल मारली. "आम्ही बठू?"

"तुम्हाला त्या दहांत धरता यायचं नाही, अक्का." भाऊंनी सरकून जागा केली. "पण बसा."

त्यांनी पुस्तक उघडलं आणि आईचं नाव मोठ्यानं घेतलं.