लटारूच्या शाळेची कामगिरी

१९५५ साली सरकारला बांधकामात नावीन्य हवं झालं. परिपत्रक निघालं: इमारत कशाची आहे हे यापुढे विचारू नये, ती कामगिरी काय करते तेवढंच पाहावं. अहेरीच्या बाजारात हे ऐकून लटारू हरखला. घरं बांधण्यात त्याची हयात गेली होती, गावात शाळा नव्हती, आणि नात कुंता सहा वर्षांची झाली होती. पोरीने पावसाळ्यात कोरड्या जागी बसून चार अक्षरं गिरवावीत, एवढीच त्याची हौस.

वीस दिवसांत त्याने शाळा उभी केली. बांबूचा कूड, त्यावर माती, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं.

तपासणीला ओव्हरसियर नानाजी आले. पावसात शाळा कोरडी राहावी अशी अट होती आणि महिना चैत्राचा होता. तेव्हा गावाने तलावातून साठ घागरी आणून छपरावर ओतल्या. आत थेंब नाही. नानाजींचं तोंड उतरलं. तक्त्यात ‘गळती किती’ असा रकाना होता. तिथे शून्य लिहिलं तर नानाजी तपासायला गेलेच नाहीत असं वरच्या साहेबांना वाटलं असतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या छत्रीची गळती मोजून लिहिली.

मग वादळाची परीक्षा. चाळीस माणसांनी भिंतीला खांदा लावून ढकललं. भिंत हलली नाही, ढकलणाऱ्यांतल्या पोचूची कंबर मात्र धरली. ती बांधकामाने केलेली इजा म्हणून नोंदली गेली.

उरला टिकाऊपणा. त्याला तीन पावसाळे लागणार होते. तोवर कुलूप.

“पोरं तं बसू द्या, साहेब,” लटारू म्हणाला.

“पोरं बसली अन्‌ काही बिघडलं, तर ते पावसानं बिघडलं का पोरांनी, हे मी कसं ठरवू?”

“मंग मी शाळा बांधली कोनासाठी?”

“निरीक्षणासाठी,” नानाजी शांतपणे म्हणाले.

शाळेने तिन्ही पावसाळे काढले. नानाजींच्या सिमेंटच्या कचेरीत फायली भिजल्या, त्या सुकवायला कुलूप उघडून शाळेत ठेवल्या. पोरं बाहेर भिजत राहिली.

चौथ्या पावसाळ्यात अहवाल आला. इमारत उत्तम; परंतु शाळेची कामगिरी म्हणजे शिकलेली मुलं, त्यांतलं एकही आढळलं नाही, सबब नापास. लटारूला हा कागद कुंताकडून वाचून घ्यायचा होता. ती नऊ वर्षांची होती, भाताच्या रोवणीला गेली होती, आणि वाचायला तिला येत नव्हतं. म्हातारा त्या दिवशी जेवला नाही.

ती शाळा पाडून तिथे सिमेंटची बांधली. पहिल्याच पावसात ती गळली, पण तपासायला कुणी आलं नाही. सिमेंट म्हटल्यावर काय तपासायचं? हसू नका. घर पाहायला गेलात की तुम्हीही आधी भिंतीवर टिचकी मारून ती कशाची आहे, तेवढंच विचारता.