हस्तशाळेच्या चुलीस लागलेले एकेक हात

॥ श्री ॥ अग्नीस आणि मृत्तिकेस वंदन करून लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ मासी, टेकडीवरील हस्तशाळेत चुलीचा प्रसंग गुदरला. ते समयी स्थळी मुले अकरा, त्यांची वडीलधारी माणसे तेवीस, गुरू एक, मातीची घमेली चार, आणि चूल एक. ती मुलांनी स्वहस्ते थापलेली, ओली, किंचित डावीकडे कललेली. या राज्यात बाके नव्हती, घंटा नव्हती. मुले मापत, खणत, थापत, आणि चुकले की मोडून पुन्हा थापत. विश्रामरावांनी आपली कन्या सगुणा मोठ्या हौसेने येथे घातली, परंतु त्यांचे तीर्थरूप आबासाहेब यांस ते मानवले नाही. ते बोलिले, "अरे विश्राम, चिखल कालवायला शाळा कशाला? आपल्या परसात काय कमी आहे?" आणि मग त्यांनी पण केला की, उद्या या चुलीवर भात शिजला तर नात येथे राहील, न शिजल्यास सोमवारपासून बाकांच्या शाळेत जाईल. सगुणा म्हणाली, "शिजला ते एका शितावरून नाही हं ठरवायचं, आजोबा. वेगवेगळ्या ठिकाणची वीस घ्या." आबासाहेब म्हणाले, "घेतली. पंधरा तरी मऊ लागली पाहिजेत." ऐसा करार झाला.

शाळेचा दंडक ऐसा की, घरच्यांनी सहभाग घ्यावा, परंतु कामास हात लावू नये. विश्रामरावांनी गुरू अंबूताई यांस विचारिले, "ताई, हात न लावता सहभाग कसा घ्यायचा?"

"जवळ बसा."

"आणि?"

"मुलांनी विचारलं तर सांगा."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर बसलेले आहातच."

हे ऐकून विश्रामराव अधिकच गोंधळले. लढाई असती तर घोड्यावर तरी बसावे, येथे नुसतेच बसावे, यात पराक्रम कोणता, हे त्यांस उमजेना. मग मुले हात धुण्यास हौदाकडे गेली, आणि चुलीच्या तोंडाशी एक भेग त्यांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांनी इकडे तिकडे पाहून मातीचा एक हात फिरवला, आणि तो विजारीस पुसला.

दुसरे दिवशी चूल पेटविली, तो लाकूड आत सरकेना आणि धूर सर्वांच्या डोळ्यांत गेला. सारी फौज खोकत मागे हटली. मुलांनी विस्तव विझवून दोरीने तोंड मापिले. काल वीतभर होते, आज चार बोटे. अंबूताईही चकित जाहल्या. आबासाहेब म्हणाले, "चूल बाळसं धरते की काय?" मग सगुणेने विचारिले, "बाबा, तुम्ही माती लावलीत?" विश्रामराव खाली पाहून बोलिले, "एकच हात." तो मागून एक मामी बोलल्या, "मीही एकच, भेग होती ना!" आणि मग एक काका, मग एक आत्या, ऐसे करिता करिता एकोणीस जण निघाले आणि प्रत्येकाचा एकच हात. आबासाहेब तेवढे उपरणे झटकीत राहिले, परंतु त्यास माती होती.

"आजोबा, तुम्हीसुद्धा?"

"कललेली दिसली, जरा टेकू दिला."

"मग आता ज्याची त्याने खरवडा. आम्ही सांगू तिथेच!"

आणि मग थोर थोर मंडळी उलथणी घेऊन रांगेने उकिडवी बसली, आणि मुले म्हणत, "बास, पुढे नको!" हा सहभाग की हात लावणे, हे विश्रामरावांस अखेरपर्यंत कळले नाही. तोंड पुन्हा वीतभर जाहले, विस्तव धरला, आधण आले, तांदूळ वैरले. मग सगुणा वळून म्हणाली, "बाबा, झाकण काढू का?" एवढा वेळ ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आला, आणि विश्रामरावांनी उभ्या जन्मी भात लावला नव्हता. ते म्हणाले, "मला नाही गं माहीत."

"बरं. बसा मग."

आणि ते बसले. आणि आबासाहेबही शेजारी येऊन बसले. आणि सगुणेने आपल्याच मनाने झाकण काढिले.

एवंच, चुलीचे वृत्त ऐसे: शिते वीस काढून चिमटीत दाबिली, सोळा मऊ, चार कणीदार.