व्याह्यांची प्लेट

शशिकांतराव पुण्याहून निघाले तेव्हा सुजाताबाईंनी दारातच बजावलं होतं की तिकडे जिभेला आवर घाला, आणि पानात वाढतील ते मुकाट्याने खा. अभिजीत चौतिशीला टेकला होता. हैदराबादेत नोकरीला लागल्यापासून काचीगुड्याच्या रेणूखेरीज त्याला दुसरी मुलगी दिसत नव्हती, आणि रेणूचे वडील उमाजीराव अजून होय म्हणाले नव्हते. आज आपल्या हातून काही वावगं झालं तर पोरगा जन्माचा बिनलग्नाचा राहील, या धास्तीने शशिकांतरावांना गाडीत डोळा लागला नव्हता.

उमाजीरावांच्या मनात मटण बिर्याणीचा बेत होता. पाहुणे शाकाहारी निघाले. मग अभिजीतने घाईघाईत सांगून टाकलं की बाबांना चायनीज आवडतं. ऐन वेळी तो ऑफिसात अडकला, आणि होऊ घातलेले दोघे व्याही गल्लीतल्या ‘गोल्डन पांडा’त प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसले.

व्हेज मंचुरिया आलं, फ्राइड राइस आला. शशिकांतरावांनी पोटापुरतं खाल्लं आणि प्लेट अशी लख्ख केली की धुवायचं कारण उरलं नाही. उमाजीरावांनी ती पाहिली आणि लगेच वर भाताचा डोंगर रचला.

“बस्स, बस्स,” शशिकांतराव म्हणाले.

“तकल्लुफ नक्को, शशिकांतराव. आपलंच घर समजा.”

आता गोम अशी होती. शशिकांतरावांच्या घरात पानात टाकणं म्हणजे पाप. लहानपणी शेवटचं शीत संपेपर्यंत पाटावरून उठायची सोय नव्हती. उलट उमाजीरावांकडे पोट भरलेला पाहुणा चार घास ताटात ठेवून उठतो. ताट चाटूनपुसून साफ झालं, तर पाहुणा उपाशी आहे आणि यजमानाची अब्रू चालली आहे. नुसतं ‘बस्स’ काय, सगळेच म्हणतात. पण हे त्या दोघांना सांगणार कोण?

शशिकांतरावांनी तो डोंगर संपवला. दुसरा आला. मग शेजवान नूडल्स आल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. उमाजीरावांचा जीव कळवळला. बिचाऱ्याला घरी कुणी पोटभर घालत नसावं, असं वाटून त्यांनी आणखी एक प्लेट मागवली. शशिकांतरावांनी हाताने प्लेट झाकली, तर त्यांनी तो हात प्रेमाने उचलून बाजूला ठेवला. टेबलाखाली पट्टा सैल झाला. तोंड धुवायच्या निमित्ताने शशिकांतराव मोरीपाशी जरा रेंगाळले. परत येतात तो प्लेट भरलेली. आता स्वयंपाकीही झारा घेऊन दारात बघायला उभा होता.

आणि अचानक उमाजीरावांचं वाढणं थांबलं. कपाळाला आठी पडली. शशिकांतरावांच्या पोटात, जी काही जागा उरली होती तिथे, गोळाच उठला. नक्की आपलं काहीतरी चुकलं. अन्न आवडलं नाही असं यांना वाटलं असणार. देवाचं नाव घेऊन त्यांनी वाडग्यात उरलेलं मंचुरिया स्वतःच ओढून घेतलं आणि तेही संपवलं. उमाजीरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

शशिकांतरावांना पुण्याचं घर दिसू लागलं आणि दारात उभ्या सुजाताबाई.

“मुलगी मी दिली,” उमाजीराव अखेर म्हणाले. “पोरगा तुमचा लाखात एक आहे.”

शशिकांतरावांना आनंदाने हुंदका यायचा, तो ढेकर आला.

“एक विचारतो, नाराज होऊ नका,” उमाजीरावांचा आवाज खाली आला. “लग्नाला तुमच्याकडची किती लोकं येतील?”

“फार नाहीत हो. दोनशे,” शशिकांतराव भरल्या मनाने म्हणाले. “आणि सगळी अगदी माझ्यासारखी.”

उमाजीरावांनी ग्लासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

“शशिकांतराव,” ते म्हणाले, “कोर्टात केलं तर चालंल का?”