ओट्याखालचं दार

कारखानीस काकांच्या गॅलरीत एक निळंशार स्टूल दिसलं. मी ते हट्टाने मागून घेतलं आणि वर आणून बायकोसमोर ठेवलं. म्हटलं, बघ, असं काम हल्ली पैसे देऊनही मिळत नाही. ती त्याच्यावर बसली आणि एकदा डावीकडे डुलली. ते डुलणं ओळखीचं होतं. महिन्यापूर्वी भंगारवाल्यासाठी मीच जिन्याखाली ठेवलेलं आमचंच स्टूल ते.

पाय सारखे का नाही केलेत, असं काकांना विचारलं, तर म्हणाले, "तो त्याचा स्वभाव आहे. रंग बदलावा, स्वभावाला हात लावू नये."

आमची डोंबिवलीची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं आणि लोकांनी जुनं सामान जिन्याखाली आणून टाकायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या काकांना जत्राच भरल्यासारखं झालं. चार वर्षांपूर्वी काकू गेल्यापासून त्यांच्या हॉलचा कारखाना झालेलाच होता. हातात पॉलिश पेपर, कानामागे पेन्सिल आणि बनियनवर घरोघरीच्या कपाटांचे रंग. कुठलीही फळी आली की आधी टकटक करून ऐकायचे. सागवान निघालं तर "हिचं माहेर चांगलं आहे," आणि प्लायवूड निघालं तर "भाडेकरू. पाणी लागलं की सोडून जाईल." कुणाच्या पाळण्याचं बुकशेल्फ झालं, कुणाच्या खिडकीच्या झडपांचा टीपॉय. जिन्यात भेटले की माझी तब्येत विचारायचे नाहीत. आमच्या कपाटाची विचारायचे. बिजागऱ्या कुरकुरतात का, याची त्यांना खरी काळजी असायची.

घरं रिकामी करायची वेळ आली. काका मुलाकडे, अनिकेतकडे, ठाण्यात कोलशेतला जाणार होते. विसावा मजला. सून गोड स्वभावाची, पण तिने आधीच सांगून ठेवलेलं की इथे सगळं फिट केलेलं आहे, कपडे आणि औषधं तेवढी आणा. नातीला अभ्यासाचं टेबल मात्र करून द्या.

काका तीन आठवडे त्या एकाच टेबलाला लागले होते. सुनेने राखाडी रंग सांगितला होता. एरवी काका त्या रंगाला सिमेंट म्हणायचे, यावेळी मुकाट्याने लावला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेलेलो. काका आत चहा टाकत होते. टेबलाची खालची बाजू तशीच बिनरंगाची दिसली. म्हातारा माणूस, विसरला असेल, असं समजून मी टेबल चादरीवर उलटं केलं आणि पॉलिश पेपरने एक कोपरा घासायला घेतला. दोनच हात मारले असतील. काकांनी येऊन माझं मनगट धरलं. ओरडले नाहीत. नुसतं धरून ठेवलं.

मग मी नीट पाहिलं. टेबलाची फळी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचं दार होतं, ज्याच्यामागे सिलेंडर असायचा. त्याच्या आतल्या बाजूला काकूंच्या अक्षरात, पेन्सिलीने, सिलेंडर लावल्याच्या तारखा. ओळीखाली ओळ. मधेच, "फराळ. एकवीस दिवसांत संपला." आणखी खाली, "अनिकेत होस्टेलला. दोन महिने पुरला." मी घासलेल्या कोपऱ्यात, नशीब, फक्त तेलाचा डाग होता.

शेवटच्या ओळीत नुसती तारीख होती.

"हा किती पुरला, ते लिहायचं राहिलं," काका म्हणाले. मग माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेत, "सुनेला बोलू नकोस हं. जुनं काही आणू नका म्हणालीय."

आम्ही दोघांनी मिळून टेबल सुलटं केलं. वरून बघाल तर अगदी नवंकोरं, सिमेंटसारखं.

सुनेला बोलू नकोस म्हणाले होते, बायकोचं काही म्हणाले नव्हते. घरी आल्या आल्या तिला सगळं सांगितलं. ती भांड्यांचं खोकं बांधत होती. तिने सुतळीची गाठ मारली.

मग म्हणाली, "पण वाचायला ते खाली बसणार कसे रे? गुडघे दुखतात त्यांचे."