दीड नॉटचे गुलाबकाका

आमचे शेजारी गुलाबकाका वैरागडे रस्त्याने चालतात ते दीड नॉटच्या वेगाने. हा आकडा त्यांचाच आहे. नॉट हे जहाजाचा वेग मोजण्याचं माप. एक नॉट म्हणजे तासाला दोन किलोमीटरला थोडं कमी. आता आमच्या हिंगणघाटात समुद्र नाही. आहे ती वेणा नदी, आणि उन्हाळ्यात तिच्यात म्हशी बसल्या तर पाणी त्यांच्या पोटालाही पुरत नाही. पण काकांनी घरापासून भाजीबाजारापर्यंतचं अंतर मोजून ठेवलं आहे आणि घड्याळ लावून ते चालतात.

"काऊन काका, एवढा उशीर?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"उशीर नाई बाप्पा. दीड नॉट. हळू चाललं का तेल कमी लागते."

तेल म्हणजे त्यांचा दम. लग्नाला जायचं असेल तर ते मुहूर्ताच्या दोन तास आधी निघतात, आणि अक्षता पडल्यावर पोहोचतात. वाटेत थांबून प्रत्येकाला सांगतात, की हल्ली मोठमोठी मालवाहू जहाजं मुद्दाम हळू चालवतात. वेग थोडासा उतरवला की तेल पुष्कळ वाचतं आणि धूर कमी होतो. "बैलाले पळवलं का तो दुप्पट खाते का नाई? तसंच हाय ते."

काकांची सगळी नोकरी जिनिंग फॅक्टरीत गेली. रुई दाबून तिच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसवर ते होते. माझे बाबा तिथेच हमाल. काका गठाण बांधायचे, बाबा ती पाठीवर घ्यायचे. मी बारावी झाले तेव्हा बाबा म्हणाले, आता पुरे झालं. दुसऱ्या दिवशी काका कॉलेजचा फॉर्म घेऊनच आमच्या ओसरीवर आले.

"मारोती, कर इथी सही."

"गुलाबभाऊ, पोरीची जात..."

"पोरगी काय गठाण हाय का, दाबून ठेवाले? कर सही."

बाबांनी सही केली. आमच्या घरातली पहिली पदवी त्या सहीतून आली. आज मी इथल्या एका शाळेत शिकवते. हे सगळं आधीच सांगितलं, कारण पुढे मी काकांना हसणार आहे आणि तो हक्क मला कसा मिळाला ते वाचकांना कळायला हवं.

काकांचा दुसरा नियम म्हणजे "बंदरात इंजन बंद". पूर्वी जहाज धक्क्याला लागलं तरी दिव्यापंख्यांसाठी त्याची यंत्रं धूर ओकत राहायची. आता काही बंदरांत काठावरून विजेची तार देतात, इंजिनाला विश्रांती. हे कळल्यापासून काकांनी आमची गल्ली बंदर ठरवली. कोपऱ्यावर ते स्वतः खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला गाडी बंद करून ढकलत न्यायला लावतात. ऐकलं नाही तर, "तुह्या जहाजाले बंदरात जागा नाई!" सिलिंडरवाला आता न सांगता उतरतो. एकदा मला बघायला पाहुणे आले. मुलगा पुलगावचा, गाडी नवी. काकांनी त्याच्यासकट त्याच्या मामालाही उतरवलं. दोघं घामाघूम होऊन आमच्या दारात आले, मामा दोन ग्लास पाणी प्यायले आणि मुलाने तोंड फुगवलं ते कांदेपोहे संपेपर्यंत. ते स्थळ जमलं नाही. आईने काकांशी महिनाभर अबोला धरला. बाबा मात्र म्हणाले, "शंभर पावलं गाडी ढकलली तं कुरकुरला. संसार काय ढकलन तो?"

हे सगळं ज्ञान काकांकडे आलं कुठून, तर माझ्याकडून. म्हणजे माझ्या तोंडून. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शाळेतून आले की मी त्यांच्या ओट्यावर बसायचं, मोबाइलवर जहाजांबद्दलचं इंग्रजी शोधायचं आणि मराठीत सांगायचं. सुरुवातीला शब्दकोश मांडीवर असे. माझं इंग्रजी कॉलेजात जेवढं सुधारलं नाही तेवढं त्या ओट्यावर सुधारलं. शिडाची जहाजं, मग कोळसा, मग तेल शुद्ध करून खाली उरलेला डांबरासारखा गाळ जाळणारी इंजिनं, मग त्या गाळातल्या गंधकावर आलेली बंधनं. काका डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच मांडीवर थाप मारायचे.

त्यांना सगळ्यात आवडला तो कंटेनर. पूर्वी पोतं पोतं, पेटी पेटी माणसांच्या पाठीवरून जहाजात चढायची, आठवडेच्या आठवडे जहाज धक्क्यावर अडकायचं. मग कोणीतरी एकाच मापाची लोखंडी पेटी काढली. ट्रकवरून उचलली की थेट जहाजावर. "ज्यानं हा डब्बा काढला त्याच्या पाया पडलं पाह्यजे!" काका एकदा ओरडले. बाबा पलीकडे खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी मान वर केली.

"अन् धक्क्यावरच्या हमालाईचं काय झालं?"

काका माझ्याकडे बघू लागले. मी मोबाइलवरचा मजकूर वरखाली करून पाहिला. "यात नाही दिलं," मी म्हणाले.

"हमालाचं कोण लेहते," बाबा म्हणाले आणि कूस बदलली. त्या दिवशी काकांनी पुढचं वाचायला सांगितलं नाही. बाबांसाठी चहा मात्र स्वतः करून आणला.

मग आला तो फिरता खांब. काही नव्या जहाजांवर शिडाऐवजी उंच नळकांडी बसवतात. ती गरगर फिरली की वाऱ्याचा जोर जहाजाला पुढे रेटतो, तेवढं तेल वाचतं. हे ऐकून काका दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी थर्माकोलचा तुकडा, खेळण्यातली मोटर आणि पावडरचा रिकामा डबा घेऊन ते नदीच्या डोहावर हजर. गल्लीतली पंधरा-वीस माणसं मागे. काका वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात वर करून वारा जोखला, अगदी खळ्यावर धान उफणताना जोखतात तसा. आमच्याकडे वारा म्हटला की तो पाठीशीच घ्यायचा, हे जन्मापासून माहीत. त्यांनी नाव सोडली. डबा गरगर फिरला. नाव पुढे न जाता तडक आडवी निघाली आणि म्हशींच्या कळपात घुसली. एका म्हशीने ती हुंगली. दुसरी तिच्यावर बसली.

लोक हसून हसून खाली बसले. "कप्तान, जहाज बुडालं!"

काकांचा चेहरा पडला होता, पण रविवारी तो खुलला. रविवारी प्रशांतचा फोन येतो. प्रशांत हा काकांचा एकुलता मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनियर. आई त्याच्या लहानपणीच गेली. जहाजावर नेट मिळालं तर तो रविवारी बोलतो, पाच-सात मिनिटं. त्याने सांगितलं की तो खांब वाऱ्याच्या दिशेने रेटत नाही, वाऱ्याला आडवा रेटतो. वारा बाजूने घ्यायला हवा होता. मग म्हशीची गोष्ट ऐकून तो हसला. फोन स्पीकरवर होता. मोठ्याने, खूप वेळ, दम लागेपर्यंत हसला. पुढच्या रविवारी काकांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. त्याच्या पुढच्या रविवारी म्हशी दोनाच्या चार झाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी भाषा शिकवते, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो. आठवडाभर माझ्याकडून वाचून घेतलेलं सगळं रविवारच्या त्या पाच मिनिटांत संपत असे. "पशा, तुमच्या जहाजाले कोणतं तेल लागते? गंधक किती?" पशा सांगायचा. "बरं बरं." मग दोघंही गप्प. मग, "ठेवू का बाबा?" "ठेव."

बापाने मुलाला काय विचारायचं हे गुलाबकाकांना माहीत नव्हतं, म्हणून ते जहाजं शिकले.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, मोतीबिंदू पिकला आहे, आता थांबू नका. काका म्हणाले, पशा आला का करू. पशा येणार होता दिवाळीआधी. त्याच्या जागी दुसरा माणूस ज्या बंदरात चढणार, तिथे जहाज पोहोचलं की तो सुटणार. मी रोज मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघून सांगायचे. आणि जहाज, काकांच्या आवडत्या पद्धतीने, सावकाश चाललं होतं. कंपनीने वेग आणखी उतरवायला सांगितलं होतं. पोहोचण्याची तारीख पुढे गेली, ऑपरेशनची तारीख पुढे गेली. पुन्हा दोन्ही गेल्या.

"काका, ऑपरेशनच्या कागदावर सही बाबा करतील. करून घ्या ना."

"सहीचं नाई वो, पोरी."

"मग?"

त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाले, "मागच्या वर्षी त्याले सोडाले वर्धेच्या स्टेशनावर गेलतो. गाडी सुटली. दारात तो उभा, हात हालवून राह्यला. मीबी हालवला. लय वेळ हालवला. मंग शेजारचा माणूस म्हणते, काका, तुमचा पोरगा तं मांगच्या डब्ब्यात हाय. मी कोण्या दुसऱ्याच्याच पोराले पाहून राह्यलो होतो."

मी मोबाइल बाजूला ठेवला.

"त्याले दिसलं असन का वो, मी दुसरीकडे पाहून राह्यलो ते?"

"नाही काका."

"म्हणून म्हणतो. पट्टी सोडली का पह्यले तोच दिसला पाह्यजे."

पण डोळ्याला मुलाची वाट पाहता येत नाही. तिसऱ्या तारखेला बाबांनी काकांना जवळजवळ उचलूनच वर्ध्याला नेलं. "आयुष्यभर तुह्या गठाणी उचलल्या, एक अजून," म्हणाले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पट्टी सोडली तेव्हा बाबा चहा आणायला गेले होते, समोर मीच होते. काका डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहत राहिले.

"तू लय वाळली वो," ते म्हणाले. "शाळेत डब्बा नेत नाई का?"

मला रडू आलं, ते मी खिडकीकडे बघून आवरलं. वळले तर काकांनी माझा मोबाइल घेतला होता. इतके दिवस मी वाचून दाखवलेला तो ठिपका त्यांनी स्वतः शोधला, पडदा नाकाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला.

"हा हाय का पशा?"

"हो. तो जहाजाचा ठिपका."

"अन् हे साडेदहा?"

"वेग."

काका त्या साडेदहाकडे पाहत राहिले. ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि किंचित पुढे सरकवलं. नकाशा सरकला, जहाज तिथेच राहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "त्याईले जरासं जोरानं नाई का चालवता येत? नेहमी नाई. ह्या एका डावाले."

"येतं काका. पण मग धूर होईल ना."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा झोपले होते. तरी त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"होऊ दे ना वो थोडासा."