बधिर पायाचा बडेजाव

खुब्याच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्याआल्या कराटेच्या मास्तरांनी खुब्यावरून हात फिरवला. तिथे पट्टी होती, पण वेदना औषधालाही नव्हती.

"दुखतंय का?" भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"छे! दुखणं म्हणजे मनाचे खेळ," मास्तर म्हणाले.

"मनाचे नाहीत, सुईचे आहेत. मांडीच्या नसेभोवती औषध सोडून तुमचा पाय मी बधिर केलाय. संध्याकाळी त्याचा अंमल उतरेल. म्हणून दुखायच्या आधीच गोळी घ्यायची. आणि एकट्याने उभं राहायचं नाही. पाय तुमचं ऐकणार नाही."

पाय ऐकणार नाही! ज्याच्या एका हुंकारावर पन्नास पोरं लाथा उडवत, त्याचं? मास्तर नुसतेच हसले.

दुपारी मेहुणा भेटायला आला. बायकोचा हा धाकटा भाऊ भलताच हळवा. दाढ काढली तेव्हा आठवडाभर अंथरुणाला खिळला होता, आणि मास्तरांनी तो किस्सा प्रत्येक लग्नात रंगवून सांगितला होता.

"भावोजी, फार त्रास होतोय का हो?" त्याने कापऱ्या आवाजात विचारलं.

"त्रास? मांडीला चिमटा काढ बघू."

"नको हो!"

"काढ म्हणतो ना!"

मेहुण्याने डोळे मिटून चिमटा काढला आणि "आई गं!" असं स्वतःच ओरडला. आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट हसायला लागले.

"अहो, पुरे आता. गोळी घ्या," उशाशी बसलेली बायको म्हणाली.

"ती ह्याला दे. चिमटा काढून दमलाय बिचारा."

पुन्हा हशा पिकला. आता मास्तरांना चेव आला. त्यांनी पांघरूण भिरकावलं, चांगला पाय जमिनीवर टेकला, शेजारी दुसरा टेकला आणि ताठ उभे राहिले. क्षणभरच. बधिर पाय ओल्या टॉवेलसारखा दुमडला. मास्तर कोसळणार तोच मेहुण्याने पुढे झेप घेतली आणि त्यांना अंगावर झेलून तो खाली आपटला.

धावपळ झाली. डॉक्टरांनी खुबा तपासला. तो सहीसलामत होता. मेहुण्याचा घोटा मात्र टम्म सुजला होता. त्याला शेजारच्या रिकाम्या खाटेवर झोपवून घोट्यावर बर्फ ठेवला.

"तुम्ही दोघं आता हलाल तर खबरदार!" असं दटावून बायको घरी डबा आणायला गेली.

संध्याकाळ झाली आणि मास्तरांचा पाय जागा झाला. आधी मुंग्या आल्या, मग खुब्यात कुणीतरी खिळे ठोकतंय असं वाटू लागलं. मास्तरांनी दात आवळले. कपाळावर घाम फुटला.

मेहुण्याने मान वळवून पाहिलं. तो हसला नाही. त्याने नर्सला बोलावायची घंटा दाबली आणि हळूच म्हणाला, "भावोजी, आवळू नका. ओरडा. ओरडलं की जरा उतरतं."

"लोक काय म्हणतील?"

"मी आधी ओरडतो. तुम्ही माझ्या मागून ओरडा."

आणि मेहुण्याने खणखणीत "आई गं!" ठोकलं. पाठोपाठ मास्तरांनी दिलेल्या आरोळीने खिडकीच्या काचा थरथरल्या. खरंच बरं वाटलं. म्हणून दोघांनी आणखी एकेक दिली.

नुकतीच ड्युटीवर आलेली नर्स ट्रे घेऊन धावत आत शिरली. ट्रेमध्ये भलंमोठं इंजेक्शन होतं.

"ऑपरेशन झालेला पेशंट कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.